कवळीवाल्या ताईंचे हात

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण ताईंचं बावीस वर्षं दात कोरूनच भरत आलं होतं. दातांच्या दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे आणि ताई त्यांवरून कवळ्या करायच्या. ठशांची मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून शिसारी. कुणाची वाळलेली लाळ, कुठे रक्ताचा ओघळ, कुठे काल रात्रीच्या जेवणाचा तुकडा. दोन बोटांच्या चिमटीत धरून, श्वास रोखून त्या ठसा नळाखाली धरायच्या आणि शेजारच्या खोलीतल्या प्लास्टरवाल्याकडे सरकवायच्या.

खरं काम पुढचं. गुलाबी पावडरीत लिक्विड ओतायचं, गोळा मळायचा, साच्यात दाबायचा, मग साचा उकळत्या पाण्यात शिजवायचा. त्या लिक्विडच्या वासाने नवख्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ताईंना तो वास कधीच कळेनासा झाला होता. बोटांनी मळल्याशिवाय गोळा नेमका कधी तयार झाला ते समजत नाही, असं त्यांचं ठाम मत. फार तर पातळ हातमोजे घालायच्या.

सत्तेचाळिसाव्या वर्षी बोटांच्या टोकांना खाज सुटली. मग कातडी लाल झाली, चिरली आणि चिरांतून पिवळं पाणी झिरपायला लागलं. सकाळी उशीच्या अभ्र्याला बोटं चिकटलेली असायची. ताईंना स्वतःच्याच हातांची किळस यायला लागली.

घरी सासूबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "हाताने वाढू नकोस, चमचा घे," म्हणाल्या. वर स्वतःची कवळी काढून पेल्यात टाकली, ताईंच्याच हातची, अकरा वर्षांपूर्वीची. पाण्यात तवंग आला. ताईंनी मान फिरवली.

लॅबच्या मालकांनी तर कमाल केली. "ताई, दवाखान्यांची माणसं येतात. हात जरा स्वच्छ धूत जा. आणि कुणी आलं की आत बसा." दिवसातून वीस वेळा हात धुणाऱ्या बाईला हे ऐकवलं. त्या दिवसापासून मालकांनी ठेवलेला चहा त्यांच्या घशाखाली उतरेना.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. एकाच चौकोनात फोड उठले होते. तो चौकोन लिक्विडचा होता.

"बावीस वर्षं हात घालतेय त्यात," ताई म्हणाल्या. "आजच काय झालं?"

"त्याचा कण फार बारीक असतो," बाई म्हणाल्या. "एकटा असला तर शरीराच्या पहारेकऱ्यांच्या खिजगणतीतही नसतो. पण कातडीत शिरून तुमच्याच प्रथिनाला चिकटला की ते प्रथिन परकं दिसायला लागतं. बरेच दिवस शरीर चालवून घेतं. एकदा त्याने शत्रू म्हणून ओळख पक्की केली की मग विसरत नाही. पुढे एक थेंबही पुरतो."

"हातमोजे घालते की."

"पातळ मोज्यांतून ते काही मिनिटांत आरपार जातं. त्याला वेगळे, जाड मोजे लागतात."

"आणि आमच्या सासूबाई? त्यांच्या तोंडात तेच आहे, अकरा वर्षं. कधी साधा फोड नाही."

"कवळी नीट शिजली असेल, तर तिच्यात मोकळं लिक्विड जवळजवळ उरत नाही. शिवाय तोंडाला रोज परक्या गोष्टी गिळायच्या असतात. सगळ्यांशी भांडत बसलं तर जेवायचं कधी? ते बरंच सोसतं."

ताईंना क्षणभर सासूबाईंच्या तोंडाबद्दल बरंच काही बोलावंसं वाटलं.

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचून मालक म्हणाले, "मग लिक्विड सोडा. ठसे धुवा, प्लास्टर भरा. ते जाड मोजे काही बाजारात मिळत नाहीत." म्हणजे बावीस वर्षं ज्याची शिसारी आली तेच आता दिवसभर. पहिल्याच दुपारी एका ठशातून कसलंसं कुजकं साल निघालं आणि ताईंनी मोरीत उलटी केली. तोंड धुऊन पुढचा ठसा घेतला. हात मात्र दोन महिन्यांत भरून आले. किळस तशीच राहिली. तिची सवय होत नाही, हे त्यांना कळून चुकलं.

लिक्विडचं काम आता पॉलिशवाल्या दादांकडे आलं होतं. एकदा ते चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पिताना दिसले, बोटं न लावता.

"दादा, हात दाखवा."

"काही नाही हो, साबणाने झालंय."

ताईंनी मनगट धरून हात उलटा केला. तीच चीर, तेच पिवळं पाणी. हात न सोडताच त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. साबणाला उगाच बदनाम करू नका."

दादांच्याही पाठीवर तोच चौकोन उठला. लिक्विड हाताळायला माणूस उरला नाही, तेव्हा मालक स्वतः त्या टेबलाशी बसले. ताई प्लास्टरच्या खोलीतून बाहेर आल्या तर मालकांच्या हातात जाड, करकरीत नवे मोजे. शेजारी उघडा खोका, त्यात आणखी जोड.

"मिळाले वाटतं बाजारात," ताई म्हणाल्या.

मालक साच्यातून मान वर काढेनात. ताईंनी खोक्यातून दोन जोड उचलले, एक दादांसमोर ठेवला आणि दुसरा आपल्या हातांवर चढवत ठसे धुवायला मोरीकडे गेल्या. विचारलं नाही की सांगितलं नाही.