नाताळची तारीख आणि आईची तिथी

आईच्या वर्षश्राद्धाची तिथी ठरलेली होती, पौष वद्य दशमी. ती आम्ही दुधाच्या पिशव्यांवरून ठरवली होती.

आई वाकोल्याला एकटी राहायची. मी मुलुंडला, दादा बोरिवलीला. गेल्या वर्षी एका गुरुवारी सकाळी ती फोन उचलेना, तेव्हा दादाने जाऊन दार फोडून घेतलं. आई पलंगावर होती, झोपल्यासारखी. बाहेर कडीला अडकवलेल्या थैलीत दुधाच्या दोन पिशव्या होत्या. तिला रोज एकच यायची. म्हणजे बुधवारचं आणि गुरुवारचं दूध तिने आत घेतलं नव्हतं, म्हणजे ती मंगळवारी रात्रीच गेली. दादाने हे सांगितलं, डॉक्टरांनी तसं लिहिलं, गुरुजींनी पंचांगावर बोट ठेवलं. पिशव्यांवर छापलेली तारीख बघायचं कुणालाच सुचलं नाही. दूध कुणीतरी मोरीत ओतलं.

बुधवारी दुपारी मी आईला फोन केला होता, हे दादाला ठाऊक होतं. फोन वाजून वाजून बंद झाला. डुलकी लागली असेल म्हणून मी पुन्हा केला नाही. संध्याकाळभर पुस्तक वाचत बसले. फोन वाजला तेव्हा ती नव्हतीच, हा त्या दोन पिशव्यांनी मला दिलेला आधार होता. वर्षभर मी त्यावर तगले. हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

नाताळच्या चार दिवस आधी आईची खोली आवरायला गेले. शेजारच्या आन्टींनी हाताला धरून आपल्या घरी नेलं. त्या निवृत्त शिक्षिका, अजूनही रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवतात. टेबलावर कुलकुलांचं, नाताळला तळतात त्या गोड फराळाचं, पीठ मळून ठेवलेलं. माझ्या हातात त्यांनी एक कोरा कंगवा दिला. पिठाची गोळी त्यावर दाबायची आणि गुंडाळत आणायची. आई दरवर्षी हे करायला त्यांच्याकडे बसायची.

"तुझ्या आईची शिंपल्यासारखी व्हायची," त्या म्हणाल्या. "तुझी बघ, अळ्या झाल्यात."

माझ्या डोक्यात तिथीच घोळत होती. मी विचारलं, "आन्टी, पंचवीस डिसेंबर कुणी लिहून ठेवला होता?"

"कुठे, बाय? बायबलात तारीखच नाही. कितीतरी पिढ्यांनी ठरली. कोण म्हणतं, त्या सुमाराला सूर्याचा सण असायचा, तोच दिवस घेतला. कोण म्हणतं, मोजून काढली. प्रभूच्या मरणाचा दिवस जुन्या लोकांनी पंचवीस मार्च धरला होता. थोर माणूस जातो त्याच तारखेला तो आईच्या पोटी आलेला असतो, असं तेव्हा मानायचे. आता मोज नऊ महिने."

माझा हात थांबला. खिडकीतला कागदी तारा, कोपऱ्यातला गवताचा गोठा, हे पीठ, सगळं एका मरणाच्या तारखेवरून मोजलेलं असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

"आणि ती तारीखच चुकली असेल तर?"

"तर सगळंच सरकलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून काय नाताळ करायचा नाही?"

आम्हीही असंच मोजलं, असं म्हणत मी त्यांना दोन पिशव्यांचं सांगितलं.

आन्टींनी कंगवा खाली ठेवला. "दोन? बाय, त्यातली एक माझी. मी तेव्हा वसईला बहिणीकडे आठवडाभर होते ना. दूधवाल्याला सांगून गेले होते, माझी पिशवी हिच्या थैलीत टाक. ती म्हणाली होती, दही लावून ठेवते."

परतल्या तेव्हा आईचे अंत्यसंस्कार होऊन गेले होते. पिशव्यांचा विषय त्यांच्यापुढे निघालाच नव्हता.

त्या आठवड्यात रोज दोनच पिशव्या येत होत्या. थैलीतल्या दोन्ही गुरुवारच्या होत्या. बुधवारी सकाळी आईने दार उघडलं होतं, दूध आत नेलं होतं, दही लावलं होतं.

मी तिथूनच दादाला फोन केला.

"आता मध्येच काय गं?" तो वैतागला. "गुरुजींना कळवलंय, मामाला कळवलंय. दशमी म्हणजे दशमी."

"दादा, बुधवारचं दूध तिने घेतलं होतं." मी सगळं सांगितलं.

"बुधवार, गुरुवार," तो पुटपुटला. मग म्हणाला, "म्हणजे तू फोन केलास तेव्हा..."

"माहीत नाही. असेल."

आन्टी माझ्या अळ्या एकेक उलगडून पुन्हा कंगव्यावर दाबत होत्या.

"एकादशी धरू," दादा म्हणाला. "गुरुजींना मी सांगतो. तू नको करूस फोन."