बोरगावच्या तलावावर भुऱ्या, बोर्ड आणि बारदाना

भुऱ्याचा मागचा डावा पाय पाण्यात चालतो. ही ताजी बातमी बोरगावच्या वहिनींची. तलावाच्या काठावरून त्यांनी स्वतः पाहिलं आणि मी ओल्या कपड्यांत उभा असतानाच सगळ्या नातेवाइकांना फोनवर कळवलं. जमिनीवर चालेल का, हे अजून ठरायचं आहे.

भुऱ्या बोरगावच्या माझ्या मामेभावाच्या आणि वहिनींच्या संत्र्याच्या बागेतला कुत्रा. माकडं हाकलणं हे त्याचं काम. उन्हाळ्यात त्याचा पाय ट्रॅक्टरखाली आला, ऑपरेशनसाठी माझ्याकडे नागपूरला आणला, आणि राहिला. हाड जुळलं, तरी तो पाय उचलूनच धरतो. पोहू द्या, म्हणजे पाय आपोआप हलेल, असं डॉक्टर म्हणाले. पण पोटाला पाणी लागलं की भुऱ्या मागे फिरतो. म्हणून पॅडल बोर्ड: त्यावर बसवून आत न्यायचा, मग तिथून पाण्यात उतरू द्यायचा. वहिनींची अट एकच होती: पाय सुधारला की कुत्रा बागेत परत. मी हो म्हटलं तेव्हा तो अजून माझ्या पायाशी झोपायला लागला नव्हता.

शनिवारी सकाळी सावनेरमार्गे निघालो. रस्ता चांगला आहे. बोरगाव आधी लागतं, तरी मूगडाळीच्या गरम मंगोड्यांसाठी सौंसरपर्यंत गेलो आणि मागे फिरलो. इकडे बोर्ड भाड्याने मिळत नाही. हवा भरायचा आपला आपण न्यावा. तलावावर मासेमारीचा ठेका असलेल्या काकांना आधी विचारलं. जाळी कुठे लावली आहेत ते त्यांनी दाखवलं. तिकीट नाही, खर्च पेट्रोल-टोलचाच. लाइफ जॅकेट दोघांनाही हवं, आणि कुत्र्याची नखं आदल्या दिवशी कापा.

भुऱ्या बोर्डवर चढला, घसरला, उतरला. पुन्हा तेच. काका बिडी विझवून म्हणाले, "नवरदेव पाटावर बसून नाही राहिला का जी?"

वहिनी बागेत गेल्या आणि एक जुना बारदाना, संत्र्यांचं रिकामं पोतं, घेऊन आल्या. पिल्लू असल्यापासून भुऱ्या त्यावरच झोपायचा. तो ओला करून बोर्डवर बांधला. भुऱ्याने वास घेतला, वर चढला आणि बसून राहिला.

मी गुडघ्यांवर बसून वल्हवत होतो. वारा कुठून येतोय ते मला त्याच्या कानांवरून कळत होतं. पाणकोंबड्या जवळून गेल्या, त्याने मान वळवली, एवढंच. पाण्यात उतरायचं नाव नाही, आणि त्याला ढकलायचं माझ्या मनात नव्हतं.

तेवढ्यात काठाला लागून असलेल्या बागेतून वहिनींची आरोळी आली, "हुर्याऽऽ! वांदर आले!" भुऱ्याने उडी मारली. बोर्ड कलंडला, मीही पाण्यात. डोळे पुसले तेव्हा तो सरळ काठाकडे पोहत चालला होता. काठावर मात्र तो तीनच पायांवर धावला. माकडं काही घाई न करता निघून गेली.

"भाऊजी, चारी पाय चालवून राहिला होता. म्या डोळ्यानं पाहिलं."

मी विचारलं, जमिनीवरचं काय?

"तिथं बी चालवन. त्याले कामावर येऊ द्या."

रविवारी त्यांनी खोटीच आरोळी दिली. भुऱ्याने झाडांकडे पाहिलं, माकडं दिसली नाहीत, तरी तो पाण्यात उतरला.

परतताना लांब पडलं तरी पांढुर्ण्यावरून आलो. चहाच्या टपरीवर मालकाने, वहिनींनी सोबत दिलेल्या आणि मागच्या सीटवर गुंडाळून ठेवलेल्या बारदान्यात संत्री आहेत का, असं विचारलं. भुऱ्या गुरगुरला. बारदान्याला तो कुणालाच हात लावू देत नव्हता.

आता बोर्ड वाळून माळ्यावर गेलाय. भुऱ्या माझ्या पायाशी झोपत नाही, बारदान्यावर झोपतो. काल जेवताना त्याने डावा पाय जमिनीला टेकवला आणि ताट संपेपर्यंत उचलला नाही. हे वहिनींना सांगितलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टर पाहतील. संत्री पिवळी पडायला लागली की वहिनी त्याला न्यायला येणार आहेत. तोवर बारदाना धुऊ नका, असं त्यांनी बजावलंय.