होडीवाल्या म्हातारीच्या तीन अटी

भिंत होती विटांची, पण नावालाच. अलीकडे वहिनी राहत, पलीकडे त्यांचे धाकटे दीर आणि त्यांची बायको. पलीकडे कपाट उघडलं तर कोणतं उघडलं तेसुद्धा अलीकडे कळायचं. तेव्हा ते भांडण वहिनींच्या कानावर पडलं यात त्यांचा काही दोष नव्हता. इस्त्री तशीच सोडून त्या जरा भिंतीकडे सरकल्या, तेवढं सोडून द्या.

"मला विचारलंत का?" धाकटी म्हणत होती.

"त्यात काय विचारायचं? होडीवाली म्हातारी आहे ती. गोष्टीतली."

"होडी तुमची, म्हातारी तुमची. बोलणं कोणाचं? म्हणे, घाई असेल त्यांनी पोहत जावं. रोज वेणी घालताना मी काय म्हणते तुम्हाला?"

"तू 'चालत जावं' म्हणतेस."

"आणि नदी आली म्हणून तुम्ही पोहत केलंत. फार मोठे लेखक."

अलीकडे वहिनींनी तोंडावर हात दाबून धरला.

भावजी छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करत. घरी आले की पुढच्या खोलीत एका खेळाच्या पुस्तिका लिहीत, छापून आणत आणि स्वतःच शिवत. खेळ तसा सोपा. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातले कोणी ना कोणी होतात. कुलूप उघडलं का, उडी पोचली का, ते फासा ठरवतो. मूळ खेळ एका मोठ्या कंपनीचा. तिनं मुभा दिली होती की आमचे नियम घेऊन कोणीही नव्या गोष्टी लिहाव्यात आणि विकाव्यात. मात्र आमच्या राजांची, राक्षसांची नावं घ्यायची नाहीत, आणि वरच्या पानावर आमचं चिन्ह छापायचं, म्हणजे घेणाऱ्याला कळेल की ही गोष्ट या खेळात चालते. भावजी ते इतकं पाळत की घरात कोणी चुकून त्या राक्षसाचं नाव घेतलं तरी दचकत.

धाकटीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. "कंपनीच्या राक्षसाला परवानगी लागते. आणि बायकोचं तोंड काय रस्त्यावर पडलंय?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग भावजी म्हणाले, "बरं. अटी सांग."

"म्हातारीला मारायचं नाही. तुम्हा लोकांना काही सुचलं नाही की म्हातारी माणसं मारता."

"मान्य."

"तिला कोणाची सासू करायचं नाही."

"मान्य. तिसरी?"

"होडी तिच्या मनात येईल तेव्हाच सुटेल. राजा आला तरी त्यानं काठावर बसायचं."

इस्त्रीखालचा शर्ट तेवढ्यात जळला नाही, हे वहिनींचं नशीब.

भावजींनी शब्द पाळला. पुढे म्हातारी गोष्टीमागून गोष्टीत आली. किल्ले पडले, राजे गेले, ती काठावर तशीच. दुकानात लोक 'ती म्हातारीवाली पुस्तिका' म्हणून मागायला लागले. धाकटी वरवर नाक मुरडायची, आणि नवी पुस्तिका शिवून झाली की आधी म्हातारीचंच पान उघडायची.

मग धाकटी गेली. दुखणं लांबलं नाही, एवढंच बरं. भावजी छापखान्यातून सुटले की थेट घरी येत, सुईत दोरा ओवत, आणि पलीकडून वहिनींना फक्त कागद दुमडल्याचा आवाज येई.

त्यानंतर कंपनीनं अटी बदलल्या. चिन्ह हवं असेल तर नव्यानं सही करा, आणि तुम्ही जे जे लिहिलंत ते आम्हालाही हवं तसं वापरता येईल, बदलता येईल. सही नसेल तर चिन्ह नाही. आणि चिन्ह नसेल तर दुकानदार फळीवर जागा देत नव्हता.

भावजींनी फोन लावला. वहिनी तिथंच बसल्या होत्या, या वेळी राजरोस.

"काका, सगळे सही करतायत," फोनवरचा माणूस बोलायला गोड होता.

"माझ्या म्हातारीचं तुम्ही काय करणार?"

"काहीच नाही हो. फक्त करता येईल एवढी सोय ठेवलीय."

"म्हणजे मारता येईल?"

"आता ते पुढचा लिहिणारा ठरवेल ना काका."

भावजींनी फोन ठेवला. मग विचारलं, "वहिनी, तिच्या अटी मला नीट आठवतायत ना? दुसरी कोणती होती?"

"कसल्या अटी?" वहिनी म्हणाल्या.

"दादा होता तेव्हा त्याचं घोरणं आम्हाला ऐकू यायचं. आमचं भांडण तुम्हाला ऐकू आलं नाही होय?"

वहिनींनी चष्मा पुसला. "कोणाची सासू करायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि मनात येईल तेव्हाच होडी."

"मग माझं सही करणं व्हायचं नाही. जे माझं नाही ते मी कसं देऊ?"

"पुस्तिका कोण घेईल मग?"

"कोणी नाही घेतली तर तुम्ही वाचा."

दुकानातून गठ्ठे परत आले. भावजींनी वरचं पान फाडून नवं लावलं, बिनचिन्हाचं. आतून कंपनीचे नियम काढले आणि आपले घातले. फार नव्हतेच. घाबरला असाल तर एक फासा टाका, नसाल तर दोन. वहिनींना खेळायला बसवून त्यांनी ते पारखून घेतले. वहिनी कशालाच घाबरायच्या नाहीत, त्यामुळे नियम पुन्हा लिहावा लागला.

शेवटच्या पानावर छापलं: या गोष्टी कोणीही घ्याव्यात, बदलाव्यात, विकाव्यात. दिलेली मुभा परत घेतली जाणार नाही. होडीवाली म्हातारीही घ्या, पण तिच्या तीन अटींसकट. त्या मलाही बदलता येत नाहीत, कारण त्या माझ्या नाहीत.

बरेच दिवस काही हललं नाही. भावजी छापखान्यात जादा बांधणी करू लागले, बोटांना चिकटलेला डिंक निघेना. मग कुठून कुठून पाकिटं यायला लागली, आत लोकांनी लिहिलेल्या पुस्तिका, अटी पाळल्यात का ते भावजींनी बघावं म्हणून धाडलेल्या. कोणी म्हातारीला समुद्रावर नेलं होतं, कोणी बर्फात. एकानं तिला दाढीवाला मदतनीस दिला होता. भावजी प्रत्येक पुस्तिका आधी शेवटाकडून वाचत. म्हातारी जिवंत आहे असं दिसलं की मग पहिल्या पानावर येत.

एके दिवशी आणखी एक पाकीट आलं, तेव्हाही तसंच झालं. पुस्तिकेत शेवटी पूर येतो, गाव बुडतं. भावजी पान हातात धरून थांबले. वहिनी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "काय, गेली का?"

"नाही. होडीत बसलीय. सगळं गाव वाट बघतंय."

"सोडली होडी?"

"तिच्या मनात आल्यावर."

त्यांनी कोपऱ्यात 'चालेल' असं लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि चपला घातल्या. वहिनी म्हणाल्या, उद्या टाका, आज दमलेले दिसताय. ते म्हणाले, लिहिणारा बिचारा वाट बघत असेल.

टपालाच्या खिडकीत रांग होती. मागचा माणूस पुढे सरका, पुढे सरका करत होता. खिडकीतल्या बाईंनी भावजींकडे बघितलं, आणि त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलेलं वाक्य या वेळी त्यांच्या आधी म्हणून टाकलं, "घाई असेल त्यांनी पोहत जावं."

भावजी हसले. शिक्का नीट उमटला का, ते नेहमीसारखं वाकून पाहिलं. येताना पाव घेतला, अर्धा वहिनींच्या टेबलावर ठेवला, आणि "दार लोटून घ्या" म्हणून पलीकडे गेले.