बायकोच्या गुडघ्यावरची लोखंडी दाढी

बदलापूरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे, लिफ्ट नाही. त्या पोकळीत कबुतरं राहतात. बायकोचा उजवा गुडघा धरला आणि तिचं खाली उतरणंच बंद झालं. संध्याकाळी तळमजल्यावर बायकांचं भजन असतं. ती वर गॅलरीत खुर्ची टाकून टाळ्या वाजवायची. हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हणाली. मी म्हटलं, "थांब जरा."

माझी अर्धी हयात अंबरनाथच्या एमआयडीसीत ग्राइंडिंग मशीनवर गेली. त्या मशीनचं टेबलच चुंबकाचं असतं, घासायचा लोखंडी तुकडा, म्हणजे जॉब, घट्ट धरून ठेवायला. तेव्हा चुंबकाबद्दल मला कोणी शिकवू नये, असा माझा तोरा. उल्हासनगरात एक जण चुंबकाने दुखणी घालवतो असं कळल्यावर मला वाटलं, चला, आपल्याच धंद्यातला माणूस.

हा गृहस्थ आधी पंख्यांच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचा. खोलीत प्लास्टिकचा पडदा, पडद्यामागे बाकडं, आणि आल्यागेल्याच्या कमरेला बांधून दाखवायचा एकच पट्टा. माझ्या कमरेला बांधला तेव्हा तो आधीच्या माणसाच्या घामाने कोमट होता. तरी मी मान डोलावत राहिलो.

"काका, उत्तर ध्रुव दुखणं ओढून घेतो, दक्षिण ध्रुव ताकद देतो. उलटं लावलंत तर दुखणं वाढणार, मग मला बोलायचं नाही."

गुडघ्याचा नवा पट्टा घेतला. एका बाजूला लाल टिकल्या, दुसऱ्या बाजूला निळ्या. रंग ध्रुवांप्रमाणे बरोबर लावलेत कशावरून? कारागीर माणूस तपासल्याशिवाय काही वापरत नाही. पट्टा कंपनीत नेला, होकायंत्र लावून ध्रुव पाहिले. रंग चोख होते. फक्त तेवढ्या वेळात मशीनशेजारी घासून पडलेला, तेलपाण्याने ओला सगळा लोखंडी बुरा पट्ट्यावर चढला आणि त्याला काळी दाढी फुटली. फडक्याने पुसली. चुंबकाला चिकटलेला बुरा पुसून जात नाही, हे मी प्रत्येक नव्या पोराला शिकवत आलोय. तोच पट्टा घरी आणून बायकोच्या गुडघ्याला बांधला.

"गार वाटतंय," ती म्हणाली. मी मिशीत हसलो.

चार-पाच दिवसांत घाम, गंज आणि मशीनचं तेलपाणी यांचं लोणचं झालं. सुट्टीनंतर त्या तेलपाण्याची टाकी उघडली की कुजकट भपका येतो, तो आमच्या पलंगावर येऊ लागला. पट्टा सोडवला तर खाली कातडी काळपट, फोड आलेले, त्यातून पाणी गळतंय. मी त्या गृहस्थाला फोन केला.

"उत्तम," तो म्हणाला. "विष बाहेर पडतंय. आता दक्षिण बाजू लावा."

आणि मी, कंपनीत पोरांच्या चुका काढणारा मी, पट्टा उलटा करून पुन्हा बांधायला बसलो. फोड फुटून बोटाला चिकट लागलं. आजही भात कालवताना ते बोट मी वर धरतो.

बायकोने माझा हात बाजूला केला. "अहो, इतकी वर्षं मशीनच्या चुंबकावर हात टेकून उभे राहिलात. मग तुमचा खांदा का दुखतो?"

मी पट्टा जमिनीवर ठेवला आणि खांदा चोळत बसलो.

दुसऱ्या दिवशी माझ्या त्याच खांद्यावर भार टाकून, प्रत्येक जिन्यावर मला ऐकवत ती खाली उतरली. डॉक्टरीणबाईंनी गुडघा पाहिला, मग बायकोकडे. "कुठल्या वर्कशॉपमध्ये काम करता?"

"मी नाही, हे करतात," बायको म्हणाली. "मी यांचा जॉब."

आधी कातडी बरी करा, मग व्यायाम, असं ठरलं. म्हणजे माझ्या शहाणपणापायी भजन आणखी लांबलं. पट्टा मी चिमट्यात धरून खाली नेला. सांडशी घेणार होतो, तर तिने सांडशी लपवून ठेवलेली. सोसायटीच्या कचऱ्याच्या पिंपात तो टाकायला गेलो, तर पिंप लोखंडी. पट्टा आत पडलाच नाही, बाहेरून फाडकन चिकटला. ओढायला मी पुन्हा हात लावला नाही.

आता ती कठडा धरून भजनाला उतरते. मी एक पायरी खाली, पडलीच तर माझ्यावर पडावी म्हणून. ही तिचीच अट. पिंपापाशी आली की रोज थांबते, पट्ट्याकडे बघते, नाकाला पदर लावते आणि मग माझ्याकडे बघते.