आत्यानं ठेवलेलं नाव

लिंबायतच्या चाळीत धुडकूची बायको रंजना घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. नवरा लूमवर, सासू सरलाबाई खाटेवर. सरलाबाईंना दिवसभर काही काम नसे. सुनेला दोन मुलींच्या पाठीवर तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा त्यांना काम मिळालं.

शेजारची यल्लम्मा तेलुगू विणकराची बायको. ती आणि रंजना एकाच साडीची दोन टोकं धरून बसत आणि मोडक्या हिंदीत सुखदुःख बोलत. दवाखान्यातून बाळ घरी आलं तसं यल्लम्मानं ते उराशी धरलं आणि म्हणाली, "पाप... पाप."

रंजनानं बाळ परत घ्यायला हात पुढे केले. यल्लम्मा हसली. "हमारे में पाप मतलब छोटी बच्ची."

रंजनाला हायसं वाटलं. पुढे तर त्या बाईच्या तोंडून तो शब्द तिला गोडच लागायला लागला. पोरीला हौसेनं हाक मारणारं दुसरं होतं कोण?

सरलाबाईंनीही अर्थ विचारून घेतला. नीट समजून घेतला हो, त्यांच्या अकलेवर कुणी शंका घेऊ नये. मग दुसऱ्या दिवसापासून त्या म्हणू लागल्या, पाप उठलं, पाप रडतंय, पापाला एवढं दूध कशाला. त्यांचा शब्द मात्र आपल्या घरचाच, पापपुण्यातला होता. रंजनानं तोंड उघडलं की म्हणत, "तिन्हं म्हननं चालस, नि मन्हं झोंबस?"

रंजना गप्प बसली, कारण बारसं जवळ आलं होतं. आत्यानं एकदा नाव ठेवलं की ते कायमचं, मग सासूचं कोण ऐकतं? नणंद वर्षा बारडोलीहून आली, तेव्हा रंजनानं जपून ठेवलेली कोरी साडी तिला दिली आणि पाया पडली. "ताई, शर्वरी ठेवा. दुसरं काही मागत नाही." वर्षानं साडीचा पोत चाचपून पाहिला आणि मान डोलावली.

पाळण्याभोवती चाळीतल्या बाया जमल्या. वर्षानं वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. "काय नाव ठेवलं गं?"

वर्षानं आईकडे पाहिलं. "पाप," ती म्हणाली. "माय सांगस तेच."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दारातला धुडकूही हसला. आईपुढे न हसण्याची त्याची छाती नव्हती.

खरा आनंद झाला तो एकट्या यल्लम्माला. तिनं बाळ उचलून त्याचे मुके घेतले. "मेरी पाप," ती म्हणाली.

रंजनानं बाळ तिच्या हातातून हिसकावलं. सासूला, नणंदेला, नवऱ्याला जे बोलायचं होतं ते सगळं तिनं त्या बाईला ऐकवलं. जीभ झडो म्हणाली, उंबऱ्यावर पाय ठेवू नको म्हणाली. यल्लम्मा निघून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच बाईबरोबर साडी धरून बसली.

पोर मोठी होत गेली. नाव तेच राहिलं. त्या नावानं लाडानं हाक मारणारं मात्र आता कुणी नव्हतं.