मागच्या दिव्यांचा लाल रंग

अनुसयाचा हात रंगावर बसलेला होता, यात वादच नाही. सुरतेतल्या उधन्याच्या चाळीत बसून ती साड्यांवर हाताने फुलं भरायची, आणि साड्यांचा शेठ एरवी शंभर चुका काढणारा, पण तिच्या फुलांपुढे गप्प बसायचा. आता कौतुकाने माणूस शेफारतोच की! साड्या पुरेनात म्हणून बाईने नवऱ्याच्या ट्रकला हात घातला.

हिलाल तिचा नवरा. दहा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या पुसल्यावर कुठे यंदा त्याच्या हाती ट्रक आला. जुनाच. मागचे दोन्ही दिवे उन्हाने फिकट, गुलाबी पडलेले, आणि तेच अनुसयाच्या डोळ्यांत खुपत होते. दसऱ्याला गाडीची पूजा आणि गाडीचं रूप असं आजाऱ्यासारखं? दाराला आणलेल्या लाल ऑइलपेंटचा एक हात तिने आदल्या दिवशी दिला. रंग खुलत नसेल तर अजून एक हात, हा तिचा साडीवरचा नियम. तो दुसरा हात दसऱ्याच्या पहाटे दिला. दिवे असे लालबुंद झाले की हार घालताना हिलाल म्हणाला, "आत्ता कंपनीतून आले जणू!" नारळ फुटला, पेढे वाटले. भर उन्हात दिवा लावून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

दुपार कलल्यावर तो निघाला. क्लीनर सणाला गावी गेलेला, म्हणून एकटाच, आणि फोनही घरीच राहिलेला. सचिन गावच्या कारखान्यात माल भरायचा, कडोदऱ्याला चहा घ्यायचा आणि मग धुळ्याचा रस्ता धरायचा.

डब्यात थोडा रंग उरला होता. वाया कशाला घालवा, म्हणून सकाळीच तिने तो देवीपुढच्या छोट्या बल्बला फासला होता. दिवेलागणीला तिने बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. "मेला उडाला वाटतं," म्हणत बल्ब काढायला गेली आणि बोटं चटकन भाजली. बल्ब पेटलेला होता! आतल्या आत जळत होता, रंगाचा करपट वास सुटला होता, आणि बाहेर उजेडाचा टिपूस नव्हता.

"ओ माय वं!" ती ओरडली. साडीच्या मागे कधी दिवा नसतो. ट्रकच्या त्या काचेच्या मागे होता. दोन हात दिले, दोन! एक कमी पडला म्हणून दुसरा दिला!

शेजारचा उखा रिक्षाला हार घालून नुकता जेवायला बसला होता.

"कथा निंघनी वं?" ती धावत दारात आलेली पाहून कुठे निघाली म्हणून त्याने विचारलं.

"कडोदऱ्याला. ऊठ भाऊ, नाहीतर माझं कुंकू पुसलं जाईल."

"सणासुदीला काय अभद्र बोलतेस!" उखा चिडला, पण ताट तसंच टाकून उठला.

हायवेला लागेपर्यंत पुरता अंधार झाला. पुढे लाल दिव्यांची रांगच्या रांग. अनुसया एकेक ट्रक निरखत होती आणि प्रत्येकाचे दिवे दिसत होते म्हणून तिचा जीव कासावीस होत होता. जो दिसणार नाही तोच तिचा होता. मागून एखादी भरधाव बस आली तर? तिने तोंडात पदर कोंबला.

कडोदऱ्याच्या चहावाल्याने रस्त्याकडे हात केला. "हिलाल? आत्ताच उठला. पाचच मिनिटं झाली."

उखाने रिक्षा दामटली. समोरून एक ट्रक डोळ्यांवर झोत मारत आला, दोघांना दिसेनासं झालं, आणि तो पलीकडे जातो न जातो तोच समोर काळी भिंत! उखाने करकचून ब्रेक दाबला. रिक्षा कलली, घसरली, त्या भिंतीपासून वीतभर अंतरावरून कडेच्या मातीत गेली. भिंत पुढे चालत होती. तिच्या दिव्यांना झेंडूचे हार होते.

उखा शिव्या देत, हॉर्न दाबत ट्रकच्या बाजूने पुढे गेला, तेव्हा कुठे हिलाल थांबला. तो खाली उतरेपर्यंत अनुसयाने दगड उचलून डावी काच फोडली होती.

"वेड लागलं का? सणाच्या दिवशी काच फोडतेस?" हिलाल तिच्या अंगावर धावला.

"मांगथून दखा!" ती किंचाळली. "आत्ता मेलो असतो आम्ही दोघं. एकदाव मांगथून दखा!"

तणतणत तो मागून बघायला वीस-पंचवीस पावलं गेला आणि वळला. फुटक्या काचेतला एवढासा बल्ब सोडला तर तिथे काहीच नव्हतं. एवढा मोठा भरलेला ट्रक, आणि उजव्या बाजूला नुसता काळोख. सचिनपासून तो असाच आला होता.

तो परत आला. त्याने तिच्या हातातला दगड घेतला आणि उजवी काच स्वतः फोडली.