प्रिंटर फोनला ओळखत नाही

लोकांच्या मोबाईलला वायफाय प्रिंटर जोडून देणं, हे माझं काम. डोंबिवली ईस्टला एका छोट्या कॉम्प्युटरच्या दुकानात आम्ही दोघं आहोत, मी आणि प्रकाश. दुकान तो सांभाळतो, घरोघरी मी फिरते. काम तसं वीस मिनिटांचं. पण प्रिंटर हल्ली बेडरूममध्ये असतो, त्यामुळे पहिल्याच भेटीत मी लोकांच्या थेट बेडरूमपर्यंत पोचते! चहा होतो, घरातल्या तक्रारी होतात, निघताना "तुला मुलं किती गं?" हेही होतं. इतक्या वर्षांनी डोक्यात प्रिंटर कमी आणि माणसंच जास्त साठलीयेत. प्रकाश म्हणतो, "वैशाली, तुझी मेमरी फुल झालीये, थोडं डिलीट मार."

डिलीट कसलं मारतेय! ऐका.

*

आमच्या दुकानाच्या मागच्याच गल्लीतले एक आजोबा, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. मी प्रिंटर लावला आणि म्हटलं, "आजोबा, वायफायचा पासवर्ड सांगा."

आजोबा ताठ झाले. "पासवर्ड कुणालाही सांगायचा नसतो. मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलोय."

"बरं, मग तुम्हीच टाका. मी बघत नाही."

मी पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले. प्रिंटरची स्क्रीन काडेपेटीएवढी. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले, आणि एकेक अक्षर शोधत खणखणीत आवाजात सुरू झाले, "व्ही... मोठा! आय... डी... वाय... कुठे गेला वाय... हां! ए... आता ते गोल ॲट... एक... नऊ..."

खालच्या मजल्यावरच्या लोकांनीही लिहून घेतला असेल!

प्रिंटर जोडला गेला. मी वळले. आजोबांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"बघितलं नाहीस ना?"

"शप्पथ, आजोबा. अजिबात बघितलं नाही."

*

कळव्याच्या एका आजींना मी फोनवरून सांगत होते, "आजी, आधी प्रिंटर चालू करा, मग मोबाईल प्रिंटरजवळ न्या." त्यांनी मुलाच्या मोबाईलवरून कॉल लावलेला, स्वतःचा मोबाईल हातात.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "नेला गं. झाकण पण लावलं."

"झाकण?"

आजींनी मोबाईल काचेवर पालथा ठेवून, वरून झाकण दाबून, दिसलं ते बटण दाबलेलं! मशीन घुंईंई करून चालू झालं आणि कागदावर मोबाईलची रंगीत झेरॉक्स आली. स्क्रीनचा तडा, कोपऱ्यातला हळदीचा डाग, सगळं आलंय म्हणाल्या.

मला हसू आवरेना. म्हटलं, "आजी, राहू दे, मी उद्या येते."

"ये सावकाश," आजी म्हणाल्या. "तोपर्यंत हरवला तर आपल्याकडे झेरॉक्स आहे."

*

सगळे किस्से कस्टमरचेच आहेत असं नाही. हा माझा.

आंबिवलीला एक सुभेदार काका राहतात, आर्मीतून रिटायर झालेले. त्यांचा मोबाईल प्रिंटर शोधतच नव्हता. एवढ्यासाठी आंबिवलीला कोण जाणार, म्हणून मी फोनवरच समजवायला घेतलं. "काका, वरून बोट खाली ओढा. विमानाचं चित्र दिसतंय? ते दाबा, आणि दहा सेकंदांनी..."

कॉल कट.

म्हणजे कट होणारच! विमान दाबल्यावर मोबाईलचं नेटवर्कच जातं. तेच पुन्हा दाबा, हे सांगायच्या आत गेला. मी परत लावला, बंद. संध्याकाळी लावला, बंद. म्हटलं जमलं असेल, आणि विसरून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तर काका पायरीवर उभे. मोबाईल खिशात, छाती पुढे.

"मॅडम, विमान दाबलेलं आहे. पुढची ऑर्डर?"

"काका! दोन दिवस तसंच ठेवलंत?"

"तुम्ही काढायला सांगितलं नाहीत."

बाजूला त्यांची मुलगी उभी होती. बाबांचा फोन लागत नाही म्हणून घाबरून नाशिकहून आलेली. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ना... प्रकाशने आतूनच तिच्यासाठी चहा सांगितला आणि मी काकांबरोबर मुकाट आंबिवलीला गेले.

*

त्यावरून प्रकाश मला महिनाभर चिडवत होता. "विमान आलं, विमान आलं." मग त्याचीही वेळ आली.

एकदा दुकानाच्या फोनवर एका बाईंचा कॉल आला. प्रकाशने उचलला. एकदम गोड आवाज, कस्टमरसाठी ठेवलेला. "बोला ना मॅडम... मोबाईलवरून प्रिंट येत नाही? किती दिवस झाले?... चार महिने! अहो, मग आधी नाही का सांगायचं?... सांगितलेलं? कुणाला?... असं कसं लक्ष दिलं नाही! सॉरी हां मॅडम. पत्ता सांगा, उद्याच माणूस पाठवतो."

पत्ता लिहिता लिहिता त्याचं पेन थांबलं. कानापर्यंत लाल झाला. पत्ता त्याच्याच घरचा होता!

फोनमधून त्याच्या बायकोचा आवाज मला टेबलाच्या पलीकडे ऐकू आला, "माणूस नको. वैशालीला पाठवा."

*

कल्याणला एका बिल्डिंगमध्ये अमोल नावाचा मुलगा राहतो. मुलगा म्हणजे तिशीचा. त्याचं म्हणणं, "मोबाईलवर 'प्रिंट झालं' असं येतं, पण कागदच येत नाही. चारदा पाठवलं." हे सगळं कुजबुजत. कारण तो रेझ्युमे होता, आणि असलेली नोकरी त्याच्या वडिलांनी ओळखीने लावून दिलेली. ती सोडायचंय हे घरात बोलायची त्याची हिंमत नव्हती. वडील हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले.

मी त्याचा मोबाईल बघतेय तोवर बेल वाजली. दारात शेजारच्या कांबळे टीचर, शाळेतून रिटायर झालेल्या. हातात चार कागद, चारही लाल पेनाने रंगवलेले.

मला लगेच कळलं. दोन्ही घरांत एकाच मॉडेलचा प्रिंटर! अमोलने मोबाईलवर स्वतःचा समजून टीचरांचा निवडलेला.

"अमोल," टीचर दारातूनच म्हणाल्या, "मॅनेजमेंटच्या स्पेलिंगमध्ये एक ई खाल्लास. अनुभव खाली टाकलायस, तो वर घे. आणि 'छंद: वाचन' लिहिलंयस ते खोड. मी तुला सहावीपासून ओळखते."

हॉलमधला पेपर खाली आला. "कसला अनुभव?"

टीचरांनी आत येऊन कागद सरळ वडिलांच्या हातात दिले. "चांगला लिहिलाय हो. वाचा तरी."

वडिलांनी चारही कागद वाचले. चारही सारखेच होते, तरी वाचले. मग चष्मा काढून म्हणाले, "एवढं सगळं करतोस तू ऑफिसात? कधी बोलला नाहीस ते."

नोकरी लागली त्याला. पेढे द्यायला आधी शेजारी गेला, मग आमच्या दुकानात आला.

*

आणि आता ठाण्यातल्या खोपटचा किस्सा.

सुमनताईंचा फोन आला. घरातलं इंटरनेट बदललं, तेव्हापासून प्रिंटर बंद, आणि त्यांना भजनी मंडळासाठी कागद काढायचे होते. मी गेले. त्यांचे मिस्टर, देसाई काका, एसटीतून रिटायर झालेले. दोघंही घरात, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"त्यांना विचार, चहा घेणार का."

"सांग त्यांना, नको."

काका मोबाईल आणायला आत गेले तशा ताई हळूच म्हणाल्या, "दोन आठवडे झाले. मी बहिणीकडे गेले होते, तर ह्यांनी माझं शिलाई मशीन भंगारात दिलं. विचारलं पण नाही. माझ्या दोन्ही पोरींची फ्रॉकं त्याच्यावर शिवलीयेत मी." आणि डोळे पुसून किचनमध्ये गेल्या.

मी प्रिंटर नव्या वायफायला लावला. प्रिंटरचं ॲप काकांच्या मोबाईलमध्ये होतं, तो जोडला. आणि काही करायच्या आत प्रिंटर आपोआप सुरू झाला. एक पान. दुसरं. तिसरं. प्रिंटर बंद असताना काकांनी जे जे पाठवलेलं, ते सगळं मोबाईलमध्ये अडकून बसलेलं. आता रांगेने बाहेर यायला लागलं.

काकांनी पहिल्या पानावर झडप घातली, पण ताई आवाज ऐकून बाहेर आलेल्या. त्यांनी ट्रेमधला गठ्ठा उचलला आणि काकांपुढे हात धरला. काकांनी हातातलं पान देऊन टाकलं आणि गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायला लागले. कुंड्या आधीच ओल्या होत्या.

ताई वाचत होत्या, मी शेजारी. काय करणार, दिसतच होतं!

पहिलं पान भरगच्च. 'सौ. सुमन हिस, मशीन सहा वर्षं बंद होते. जागा अडत होती. तू एकदाही चालवले नाहीस. तरीही तुला वाईट वाटले असल्यास दिलगीर आहे.'

दुसऱ्यात 'एकदाही' जाऊन 'फारसे' आलेलं. तिसऱ्यात जागेचा विषय गेलेला. पाचव्यात, 'भंगारवाल्याकडे जाऊन आलो. त्याने पुढे दिले आहे.' सातव्यात, 'राबोडी, कळवा, मुंब्रा फिरलो. मिळाले नाही.'

नववं शेवटचं. मधोमध दोनच ओळी.

'सुमन, मशीन तुझं होतं.
मी विचारायला हवं होतं.'

ताईंनी पानं नीट जुळवली. पहिलं पान पुन्हा वर काढून वाचलं. मग उठून फ्रिजवरचा स्वतःचा मोबाईल आणला आणि माझ्यापुढे धरला.

"माझाही जोड."

मी जोडला. ताईंनी चष्मा घातला, खुर्ची ओढून बसल्या.

"ट्रेमध्ये कागद किती आहेत गं?"

"तीसेक असतील, ताई."

त्यांनी गॅलरीकडे बघितलं.

"चालेल. उत्तराची सुरुवात तर होईल."